पाठ केलेले फ्रेझल व्हर्ब वाक्यात का चुकतात? पुन्हा पुन्हा होणारी चूक आणि तिचा उपाय

"आय विल पिकअप यू ॲट सिक्स."

माझ्या संध्याकाळच्या वर्गातल्या एका मुलाने त्याच्या साहेबांना पाठवलेला हा निरोप. साहेबांचं उत्तर आलं, "ओके, पिक मी अप ॲट सिक्स." उत्तर वाचून तो खट्टू झाला, कारण आपलं काय चुकलं ते त्याला तिथेच दिसलं. त्याची वही मी पाहिली आहे. साडेतीनशेच्या वर फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला अप, ऑफ असा छोटा शब्द जोडून झालेल्या जोड्या; डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, मध्ये पट्टीने मारलेली रेघ. 'पिक अप – उचलणे, घ्यायला जाणे' हे चौथ्याच पानावर आहे. शब्द येत होता, अर्थ येत होता, तरी वाक्य चुकलं.

अकरा वर्षं मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आहे. दुकानदार, नर्स, आयटीतली मुलं, लेक परदेशात आहे म्हणून शिकायला येणाऱ्या आया. प्रत्येक तुकडीत ही तक्रार येतेच : "मॅडम, पाठ करतो, आठ दिवस राहतं, आणि बोलायला गेलं की परत तेच." मग ते आणखी मोठी यादी शोधतात. यादी वाढते, चूक तिथेच राहते. चूक मुळात यादीत नसतेच. ती आपण रोज जे मराठी बोलतो त्यात दडलेली असते, आणि ती कुठून येते हे एकदा कळलं की काढता येते.

मूळ कारण : आपलं 'करणे'

आज दिवसभरात स्वतःच्या तोंडी आलेली मराठी वाक्यं आठवून पाहा. "आईला स्टेशनवरून पिकअप कर." "काल फोटोंचा बॅकअप घेतला." "क्लायंटचा फॉलोअप घे." "मामाला सीऑफ करायला गेलो होतो." "पीसी शटडाउन कर." हे सगळे इंग्रजीतले फ्रेझल व्हर्ब, पण मराठीत येताना त्यांचे दोन तुकडे एकमेकांना चिकटून एक नाम झालं आहे, आणि क्रियापदाचं काम करतं ते आपलं करणे, घेणे, होणे. मराठीच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही. परक्या शब्दाला आपण कायम असंच घरात घेतो : शब्द त्यांचा, क्रियापद आपलं.

पंचाईत परतीच्या वाटेवर होते. 'पिकअप' हा कानाला एक अखंड गोळा झालेला असतो. इंग्रजी बोलताना 'करणे' गळून पडतं आणि गोळा तसाच वाक्यात जातो. म्हणून "पिकअप मी", "सीऑफ हिम", "बॅकअप इट". इंग्रजीत इथे गोळा फोडावा लागतो : "पिक मी अप", "सी हिम ऑफ", "बॅक इट अप". भूतकाळातही तेच. 'पिकअप्ड' आणि 'लॉगिन्ड' हे मी किती वेळा ऐकलं याची गणती नाही. तिथे 'पिक्ड अप' आणि 'लॉग्ड इन' हवं. काळ पहिल्या तुकड्याला लागतो, दुसरा तुकडा कधी बदलत नाही.

याचीच दुसरी जात आहे पंखा-दिव्याची. मराठीत आपण "फॅन ऑन कर", "लाइट ऑफ कर" म्हणतो. 'टर्न' किंवा 'स्विच' हे इंग्रजी क्रियापद गळालं आणि त्याच्या जागी 'कर' बसलं. आता याचं इंग्रजी करताना 'कर' काढलं की हातात उरतं "ऑन द फॅन", "ऑफ द लाइट". क्रियापदाशिवायचं वाक्य! ज्यांना हे खटकतं ते 'बंद कर'चा धागा पकडून "क्लोज द लाइट" म्हणतात, कारण आपल्याकडे दारही बंद होतं, दिवाही बंद होतो आणि दुकानही. इंग्रजीत दार 'क्लोज', दिवा 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ'.

उपाय : वहीत 'इट' लिहा

वहीतली नोंद करण्याची पद्धत बदलायची आहे, एवढंच. 'पुट ऑफ – पुढे ढकलणे' असं लिहू नका. 'पुट इट ऑफ – ते पुढे ढकलणे' असं लिहा. 'टर्न इट डाउन', 'फिल इट इन', 'कॉल हर बॅक', 'सी हिम ऑफ', 'थ्रो इट अवे'. माणसाबद्दल असेल तर हिम किंवा हर, वस्तूबद्दल असेल तर इट. आणि पाठ करताना तिन्ही शब्द एका श्वासात म्हणायचे. गोळाच बनवायचा असेल तर बरोबर गोळा बनवू या, इतकं साधं आहे हे.

शिकणाऱ्यांसाठी केलेल्या चांगल्या शब्दकोशांत हेच केलेलं असतं. तिथे 'पुट समथिंग ऑफ' असं छापलेलं असतं. 'समथिंग' मध्ये बसवलं आहे ते जागा दाखवायला. आपण घाईत ते गाळून वाचतो आणि 'पुट ऑफ' एवढंच उतरवून घेतो. म्हणजे कामाची माहिती शब्दकोशाने दिलेली असते, आपणच ती वहीबाहेर ठेवतो.

पूर्ण नाम असेल तर दोन्ही चालतं. "टर्न ऑफ द फॅन" म्हणा किंवा "टर्न द फॅन ऑफ" म्हणा. मात्र इट, हिम, हर, देम, मी, यू, अस हे छोटे शब्द असतील तर ते मध्येच बसतात. "टर्न ऑफ इट" कधीच नाही. म्हणूनच सराव छोट्या शब्दाने करायचा. अवघड रूप सवयीचं झालं की सोपं आपोआप येतं.

आता साहजिक प्रश्न येतो : "मग 'लुक आफ्टर'चं काय? 'लुक हर आफ्टर' म्हणायचं?" नाही. इथे 'आफ्टर' हा आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा पुढच्या नामाला धरून असतो. 'तिच्याकडे लक्ष दे' मधला 'कडे' जसा 'ती'ला सोडत नाही, तसा 'आफ्टर' 'हर'ला सोडत नाही. फरक एवढाच की आपला 'कडे' नामाच्या मागून येतो आणि त्यांचा 'आफ्टर' पुढे उभा राहतो. वहीत नोंद 'लुक आफ्टर हर' अशी करा म्हणजे प्रश्न मिटला.

कुठला शब्द कोणत्या जातीचा, याचा एक व्यवहारी अंदाज सांगते. ॲट, फॉर, आफ्टर, इंटू, विथ हे जवळजवळ नेहमी नामाला धरून असतात, त्यामुळे इट त्यांच्या नंतर : 'लुक ॲट इट', 'लुक फॉर इट', 'रन इंटू हिम'. अवे आणि बॅक हे नेहमी मोकळे असतात, त्यामुळे इट मध्ये : 'पुट इट अवे', 'गिव्ह इट बॅक'. अप, आउट, डाउन बहुतेक वेळा मोकळे. इन, ऑन, ऑफ, ओव्हर, थ्रू हे दोन्हीकडे सापडतात. तिथे अंदाज बांधू नका, शब्दकोशातली 'समथिंग'ची जागा पाहा. 'ओव्हर' किती फसवू शकतो पाहा : "गेट ओव्हर इट" म्हणजे त्यातून सावर. "गेट इट ओव्हर विथ" म्हणजे ते एकदाचं उरकून टाक. शब्द जवळजवळ तेच, पण इटची जागा हलली आणि अर्थ पार दुसरा झाला. दुःखात असलेल्या माणसाशी बोलताना यांतलं कोणतं तोंडून जातं याने मोठा फरक पडतो.

तीन तुकड्यांच्या नोंदी शेवटी इट लावून करा : 'पुट अप विथ इट' म्हणजे ते सहन करणे, 'रन आउट ऑव्ह इट' म्हणजे ते संपणे, 'लुक फॉरवर्ड टू इट' म्हणजे त्याची आतुरतेने वाट पाहणे. या शेवटच्याच्या पुढे क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लागतो. "लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू." नोकरीच्या अर्जांत "टू मीट यू" इतक्या वेळा दिसतं की मी ते आता पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहून ठेवते.

मी वर 'ऑव्ह' असं मुद्दाम लिहिलं. देवनागरीत आपण 'टर्न ऑफ'मधला ऑफ आणि 'रन आउट ऑव्ह'मधला ऑव्ह दोन्ही 'ऑफ' असेच लिहितो आणि बोलतोही तसेच. इंग्रजीत पहिल्याच्या शेवटी दोन एफ आहेत आणि उच्चार 'फ'चा. दुसऱ्यात एकच एफ, पण उच्चार 'व्ह'चा. फार पूर्वी हे दोन्ही मिळून एकच शब्द होता. जोर देऊन म्हटलेला तो ऑफ झाला आणि हलका म्हटलेला ऑव्ह राहिला. आज मात्र त्यांना एकत्र केलं तर ऐकणारा गोंधळतो. मराठी वहीत इंग्रजी उच्चार लिहून घेणाऱ्यांनी हे दोन वेगळे लिहायची सवय लावावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अर्थ उलटा लागतो तेव्हा

दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थी कामाच्या ठिकाणची सुरक्षेची सूचना घेऊन आला. गोदामाच्या भिंतीवर लावायची होती आणि त्याला तिचं मराठी करायला सांगितलं होतं. सूचना एका ओळीची : "व्हेन द अलार्म गोज ऑफ, लीव्ह द बिल्डिंग." त्याने लिहिलं होतं, "अलार्म बंद झाल्यावर इमारतीबाहेर पडा."

मी ती ओळ वाचली आणि पोटात गोळा आला. 'अलार्म गोज ऑफ' म्हणजे अलार्म वाजतो. वाजल्याबरोबर बाहेर पडायचं होतं, आणि मराठी वाचणारी माणसं आगीत थांबून अलार्म बंद व्हायची वाट पाहत राहिली असती. त्या मुलाचा तर्क चुकीचा नव्हता. 'लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले हे त्याला ठाऊक होतं. दिवे 'ऑफ' जातात तेव्हा विझतात, अलार्म 'ऑफ' जातो तेव्हा वाजायला लागतो, आणि ब्रिटनमध्ये दूध 'ऑफ' जातं तेव्हा नासतं. एकच जोडी, कर्ता बदलला की अर्थ वेगळा. म्हणून माझा दुसरा नियम : कर्त्याशिवाय किंवा कर्माशिवाय अर्थ लिहायचा नाही. 'गो ऑफ = ...' अशी नोंद फाडून टाका. तीन ओळी करा : अलार्म गोज ऑफ, लाइट गोज ऑफ, मिल्क गोज ऑफ, आणि प्रत्येकीसमोर तिचा अर्थ.

हे ऐकून लोक म्हणतात, ही काय भाषा आहे, काही ताळतंत्रच नाही. मग मी त्यांना आपलं 'लागणे' दाखवते. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, पत्ता लागतो, बस लागते (आणि ती दोन प्रकारे लागते, फलाटाला आणि प्रवाशाला), निकाल लागतो, नाद लागतो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला 'लागणे'चा एक अर्थ सांगा म्हटलं तर आपण सांगू शकणार नाही. आपल्याला त्याचा कधी त्रास झाला नाही, कारण आपण 'लागणे' कधी एकटं शिकलोच नाही. भुकेसकट शिकलो, ठेचेसकट शिकलो.

इंग्रजी भाषकांनाही ही अडचण फार आधीपासून माहीत आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने लिहिलं की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत परक्यांना सर्वांत अवघड जाते. उदाहरणांत त्याने कम ऑफ, ब्रेक ऑफ, सेट आउट असे कितीतरी दिले. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र पुष्कळ नंतरचं. लेखक लोगन पिअरसॉल स्मिथने ते १९२५ साली छापलं आणि ते आपल्याला कोशकार हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं असंही नोंदवलं. म्हणजे नाव मिळायच्या किमान एकशे सत्तर वर्षं आधीपासून परके लोक याला अडखळत होते. आपण अडखळलो तर त्यात कमीपणा नाही.

टाकणे, देणे, ठेवणे : घरातच असलेली किल्ली

हा भाग मला सर्वांत आवडतो, आणि वर्गात याच दिवशी लोकांचे चेहरे उजळतात.

'चहा प्याला' आणि 'चहा पिऊन टाकला' यांत काय फरक आहे? 'टाकला'मध्ये कोणी काही फेकलेलं नाही. काम पुरतं संपवलं, उरवलं नाही, एवढाच अर्थ 'टाकणे'ने भरला. इंग्रजीत हेच काम पुष्कळदा 'अप' करतो. "ड्रिंक इट अप" म्हणजे पिऊन टाक. "ईट इट अप" म्हणजे खाऊन टाक. "यूज इट अप" म्हणजे वापरून संपवून टाक. तिथे कोणी वर जात नाही आणि इथे कोणी फेकत नाही. 'अप म्हणजे वर' हे धरून बसलेल्या माणसाला 'ईट अप' कधीच कळणार नाही. 'पिऊन टाकणे' आठवलं की क्षणात कळतं.

असंच पुढे. "थ्रो इट अवे" म्हणजे फेकून दे. "गिव्ह इट अवे" म्हणजे देऊन टाक. "पुट इट अवे" म्हणजे जागच्या जागी ठेवून दे. "राइट इट डाउन" म्हणजे लिहून ठेव किंवा लिहून घे. "ब्लर्ट इट आउट" म्हणजे भान न ठेवता बोलून जाणे, आपल्या 'बोलून बसला'मधला पश्चात्ताप नंतरचा. "कीप ऑन" म्हणजे करत राहा.

आणि फोडण्याची रीतही आपल्याला परकी नाही. 'करून टाक' हे एकजीव वाटतं, तरी आपण 'करूनच टाक', 'करून तरी टाक', 'करून एकदाचं टाक' असं सहज म्हणतो. दोन तुकड्यांमध्ये छोटा शब्द सरकवणं आपल्या जिभेला जन्मापासून येतं. इंग्रजीत त्या फटीत 'इट' बसतो.

ही किल्ली सगळी कुलपं उघडत नाही, हेही सांगायला हवं. नकारात तर साम्य तुटतंच. "मी पोळी खाऊन टाकली नाही" हे आपल्याला खटकतं, आपण सरळ "खाल्ली नाही" म्हणतो. इंग्रजीत "आय डिडन्ट ईट इट अप" बिनदिक्कत चालतं. आणि 'पुट अप विथ'मधून 'सहन करणे' कुठल्याही युक्तीने निघत नाही. असे शब्द पूर्ण वाक्यासकट पाठच करावे लागतात. मात्र असे शब्द वाटतात त्याहून कमी आहेत. आधी टाकणे-देणे-ठेवणे लावून पाहावं आणि जमलं नाही तर मगच पाठ करावं. ओझं बरंच हलकं होतं.

वाचताना येतं, ऐकताना येत नाही

माझी एक विद्यार्थिनी नर्स होऊन इंग्लंडला गेली. इंग्रजीची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली होती, औषधांची नावं, आजारांची नावं तोंडपाठ. पहिल्या महिन्यात तिचा फोन आला. रात्रपाळीत एक म्हातारी बाई तिला म्हणाली, "द टॅब्लेट्स आर वेअरिंग ऑफ." हिने 'वेअरिंग' ऐकलं, मनात 'घालणे' आलं, आणि हिने त्यांचा गाऊन सारखा केला, पांघरूण नीट केलं. म्हातारीने तिचा हात धरून सावकाश सांगितलं, "इट हॅज वोर्न ऑफ, लव्ह. इट हर्ट्स." गोळीचा असर उतरत चालला होता आणि त्यांना दुखत होतं. फोनवर सांगताना ती रडली. "मॅडम, त्या मला वेदना सांगत होत्या आणि मी पांघरूण घालत होते."

पुस्तकी इंग्रजीत वैद्यकीय शब्द लॅटिन वळणाचे असतात, आणि ते आपल्याला शाळेमुळे सोपे जातात. दुखणाऱ्या माणसाचं इंग्रजी फ्रेझल व्हर्बचं असतं. "माय नी इज प्लेइंग अप" म्हणजे गुडघा त्रास देतोय, यात खेळणं कुठेच नाही. "आय केप्ट थ्रोइंग अप" म्हणजे उलट्या होत राहिल्या. "ही पास्ड आउट" म्हणजे तो बेशुद्ध पडला, "ही केम राउंड" म्हणजे शुद्धीवर आला, आणि "ही पास्ड अवे" म्हणजे तो वारला. आउट आणि अवे यांची अदलाबदल फोनवर नातेवाइकांशी बोलताना झाली तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी. परदेशात रुग्णसेवेला जाणाऱ्या प्रत्येकाने ही सहा-सात वाक्यं पहिल्या दिवसाआधी कानावरून घालावीत.

ऐकण्यातली अडचण जोडाक्षरांसारखी आहे. 'टर्न इट ऑफ' बोलताना 'टर्निटॉफ' होतं, 'पुट इट ऑन'चं 'पुटिटॉन', 'पिक्ड अप'चं 'पिक्टप'. आपण तीन शब्दांची वाट पाहत बसतो आणि आलेला असतो एकच. इथे जोराकडे लक्ष द्या. मोकळ्या जातीत जोर शेवटच्या तुकड्यावर पडतो : टर्निट-ऑफ. 'लुक ॲट इट'मध्ये जोर 'लुक'वर असतो आणि 'ॲट' दबून जातो. म्हणून सराव मोठ्याने करायचा. मनात म्हटलेलं कानाला शिकवत नाही.

भारतात चालतं, बाहेर अडतं

हे पटकन. 'पास्ड आउट इन २०१५' याचा आपल्याकडचा अर्थ पदवी घेतली, बाहेरच्या बहुतेकांना तो बेशुद्ध पडल्यासारखा ऐकू येतो. बायोडेटात 'ग्रॅज्युएटेड' लिहा. 'फिल अप द फॉर्म' ऐवजी ब्रिटनमध्ये 'फिल इन', अमेरिकेत 'फिल आउट'. 'फिल अप' गाडीच्या टाकीसाठी ठेवा. 'व्हेअर आर यू पुटिंग अप?' पेक्षा 'व्हेअर आर यू स्टेइंग?' सगळीकडे कळतं. 'प्रीपोन' आपल्याकडे छान रुळलेला शब्द आहे आणि मला तो आवडतोही, पण परदेशी माणसाशी बोलताना 'ब्रिंग इट फॉरवर्ड' म्हणावं.

जास्तीचा तुकडा, हरवलेला तुकडा

मराठीत आपण विषया*वर* चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट'. पुस्तक *परत* देतो, म्हणून 'रिटर्न बॅक'. खोली*त* शिरतो, म्हणून 'एंटर इंटू द रूम'. तिन्हीकडे इंग्रजी क्रियापदाच्या पोटात तो अर्थ आधीच आहे, तुकडा नको. 'कोप अप विथ' हा 'कीप अप विथ'च्या सहवासाने बिघडलेला आहे, बरोबर रूप 'कोप विथ'.

उलट 'फोन उचलत नाही' यावरून आपण 'ही इज नॉट पिकिंग द फोन' म्हणतो. इथे तुकडा हवा : 'पिकिंग अप'. 'पिक द फोन' म्हणजे अनेक फोनांतून एक निवड.

लिहिताना जोडायचं की तोडायचं यासाठी एवढंच पाहा : नाम असेल तर जोडून, क्रियापद असेल तर तोडून. 'द बॅकअप इज रेडी', पण 'बॅक इट अप'. 'माय लॉगिन', पण 'आय लॉग्ड इन'. बोलताना नामाचा जोर पहिल्या तुकड्यावर येतो, क्रियापदाचा दुसऱ्यावर.

सराव कुठे करायचा? ओट्यापाशी

यादीपेक्षा चहा जास्त शिकवतो. सकाळी उठल्यापासून जे करता ते करत असतानाच मोठ्याने म्हणा. हाताला काम आणि तोंडाला वाक्य एकाच वेळी.

अलार्म वाजला : "इट वेंट ऑफ." बंद केला : "आय टर्न्ड इट ऑफ." जाग आली ते "वोक अप", अंथरुणातून उठलात ते "गॉट अप". या दोन्हींच्या मध्ये वीस मिनिटं जात असतील तर दोन्ही वेगळी म्हणा. गॅस पेटवला : "टर्न इट ऑन." आधण ठेवलं : "पुट द वॉटर ऑन." गॅस बारीक केला : "टर्न इट डाउन." मोठा केला : "टर्न इट अप." दूध उतू गेलं : "इट बॉइल्ड ओव्हर." ('उतू जाणे'ला इतका नेमका जोडीदार मिळाला तेव्हा वर्गातल्या आयांनी टाळ्या वाजवल्या होत्या.) ओटा पुसून घेतला : "वाइप्ड इट डाउन." कपात ओतला : "पोअर्ड इट आउट." जास्तीचा ओतून टाकला : "पोअर्ड इट अवे." साखर संपली : "वी हॅव रन आउट ऑव्ह इट." दोन मिनिटांत तेरा वाक्यं झाली, आणि बहुतेकांत 'इट' आपल्या जागी बसला.

आठवडाभर फक्त स्वयंपाकघर. पुढच्या आठवड्यात गाडी : 'गेट इन', 'गेट आउट', 'पुल ओव्हर' म्हणजे कडेला घेणे, 'स्लो डाउन', 'ड्रॉप हर ऑफ', 'पिक हर अप'. बसमध्ये आणि रेल्वेत मात्र 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. त्यापुढच्या आठवड्यात तुमचं काम, म्हणजे दुकान असेल तर दुकानातली वाक्यं, वॉर्ड असेल तर वॉर्डातली. एका वेळी एकच जागा घ्या आणि वहीत पानाच्या वर त्या जागेचं नाव लिहा. ए ते झेड अशी मांडणी करू नका. ओट्यापाशी उभं असताना कुणालाही 'पी' अक्षर आठवत नाही, दूध आठवतं.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलाने जुनी वही ठेवून दिली आणि नवी केली. तिच्यात सध्या चाळीसच नोंदी आहेत, सगळ्या 'इट', 'हिम' आणि 'हर' घातलेल्या. परवा पाऊस होता, वर्ग लवकर सोडला. फाटकापाशी तो बायकोला फोन करत होता. "मला पिकअप करायला येतेस का?" असं मराठीत म्हणाला. फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून, मी काही विचारलं नसताना, म्हणाला, "शी इज कमिंग टू पिक मी अप, मॅडम."